लेहंगा मोकळा, कापूस दावणीला



२०२५ च्या नोव्हेंबर अखेरीस शेजारच्या गावी एका लग्नाला गेलो होतो. नवरीचे वडील सहा एकर कोरडवाहूचे धनी. चार एकर कापूस, दीड एकर तूर, अर्ध्या एकरात घरच्यापुरती ज्वारी. नवरीच्या अंगावर लाल लेहंगा होता. मंडपातल्या पोरी एकमेकींना कोपराने ढोसत म्हणत होत्या, "अगं, सेम सब्यसाची!"

जेवणे आटोपल्यावर नवरीच्या वडिलांनी मला बाजूला घेतले. म्हणाले, "भाऊ, तो लेहंगा भाड्याचा आहे. नक्कल आहे म्हणे कुठल्या मोठ्या दुकानाची. एका दिवसाचे चौदा हजार. परवाच दोन क्विंटल कापूस सहा हजार नऊशेनं घातला, तो असा एका दिवसात गेला. पोरीची हौस होती, त्याचं दुःख नाही. पण तुम्ही शिकलेले आहात, एक सांगा. माझ्या कापसाचा भाव व्यापाऱ्यानं सांगितला. खरेदी केंद्रावर नेला तर ओलावा जास्त म्हणून गाडी परत. मी काही भाव सांगू शकलो नाही. मग ह्या लेहंग्याचा भाव कोण सांगतो?"

मंडपात सनई वाजत होती. तिथे काय उत्तर देणार? ते उत्तर आज या पानावर देतो आहे, कारण हा प्रश्न एका बापाचा नाही. जिल्हा बैठकीला येणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

तीन कारागीर ते तीनशे अठ्ठ्याण्णव कोटी

सव्यसाची म्हणजे अर्जुन, दोन्ही हातांनी बाण मारणारा, हे आपल्याला कीर्तनातून माहीत आहे. बंगालीत त्याचे सब्यसाची होते. त्या नावाचा एक माणूस कोलकात्यात आहे, सब्यसाची मुखर्जी. कपड्यांची रचना शिकवणाऱ्या सरकारी संस्थेतून तो १९९९ साली बाहेर पडला आणि त्याच वर्षी तीन कारागीर घेऊन त्याने धंदा मांडला. २००५ च्या 'ब्लॅक' सिनेमातल्या कपड्यांसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डिसेंबर २०१७ मध्ये अनुष्का शर्माचे लग्न इटलीत झाले, तेव्हाचा लेहंगा त्याचा. पुढच्या वर्षी दीपिका पदुकोण आणि प्रियांका चोप्रा यांच्या लग्नांतही त्याचेच कपडे दिसले. तेव्हापासून तालुक्याच्या गावातल्या भाड्याच्या दुकानातही त्याच्या नकला टांगलेल्या असतात.

जानेवारी २०२१ मध्ये आदित्य बिर्ला उद्योगसमूहाच्या कापड विकणाऱ्या कंपनीने त्याच्या धंद्यातला शंभरात एकावन्न हिस्सा विकत घेतला. किंमत ३९८ कोटी रुपये. आदल्या वर्षी, म्हणजे २०१९-२० मध्ये, त्या धंद्याची उलाढाल २७४ कोटी होती. एकावन्न टक्क्यांचे ३९८ कोटी, तर शंभर टक्क्यांचे अंदाजे ७८० कोटी. वर्षाच्या विक्रीच्या पावणेतीनपटीहून जास्त किंमत लागली. कापड, यंत्रे आणि दुकानांचे फर्निचर एवढ्या मोलाचे नसते. किंमत लागली ती नावाची.

मोठ्या भांडवलाने त्या काळात अशी बरीच नावे घेतली. त्याच २०२१ साली रिलायन्सने मनीष मल्होत्राच्या कंपनीत ४० टक्के आणि रितू कुमारच्या कंपनीत ५२ टक्के हिस्सा घेतला. ऑक्टोबर २०२२ मध्ये सब्यसाचीचे दुकान न्यूयॉर्कला उघडले. २०२३ मध्ये मुंबईत फोर्ट भागात, हॉर्निमन सर्कलला, एका जुन्या ब्रिटिश बँकेच्या इमारतीत पंचवीस हजार चौरस फुटांहून मोठे दुकान झाले. जानेवारी २०२५ मध्ये पंचवीस वर्षांचा सोहळाही मुंबईतच झाला.

पंचवीस वर्षांत तीन कारागिरांपासून इथपर्यंत. आता याच पंचवीस वर्षांत आपल्या शिवारात काय झाले, ते मनात आठवून ठेवा आणि पुढे वाचा.

मत्सराने भाव मिळत नाही

काही पुढारी सभेत असल्या दुकानांवर तुटून पडतात. 'इकडे शेतकरी गळफास घेतो आणि तिकडे लाखालाखाचे लेहंगे' असे म्हटले की टाळ्या पडतात. टाळ्या पडून झाल्या की शेतकरी मोकळ्या हाताने घरी येतो. लेहंगा फाडून कापसाला भाव मिळाला असता, तर कधीच मिळाला असता.

मी त्या दुकानावर रागावलेलो नाही. एखाद्याने आपल्या अकलेने माल केला, त्याचा भाव सांगितला आणि घेणाऱ्याने राजीखुशीने दिला, तर त्यात चोरी कुठली? जरदोसी आणि आरी भरणाऱ्या बंगालच्या कारागिरांच्या चुली त्यावर पेटतात. एखाद्या लेहंग्यात आपला कापूस असेलच असेही नाही. रेशीम असेल, जाळी असेल, जर असेल. मग आपला संबंध काय? संबंध असा, की त्या लेहंग्याला जे जे मोकळे आहे, ते ते आपल्या कापसाला बंद आहे. याच आरशात आपल्याला आपले तोंड बघायचे आहे.

आरशातही डाग आहेत, तेही सांगतो. ऑगस्ट २०२१ मध्ये याच नावाने एचअँडएम या परदेशी कंपनीबरोबर एक स्वस्त माल बाजारात आणला आणि तो हातोहात खपला. तेव्हा हस्तकलेच्या संस्थांनी उघड पत्र लिहून विचारले, की भारताच्या कारागिरीच्या नावावर विकलेला हा माल भारताच्या कारागिरांच्या हातचा का नाही? प्रश्न रास्त होता. नाव ज्याच्याकडे त्याच्याकडे पैसा, आणि हात ज्याचा त्याच्याकडे मजुरी, ही रीत त्या धंद्यातही आहे. तो कारागीर आपलाच भाऊ. पण त्याचा माल निदान दुकानात गेल्यावर तरी मोकळा असतो.

तास कोणाचे मोजतात?

प्रियांका चोप्राच्या लाल लेहंग्याबद्दल दुकानाने जगाला एक हिशेब सांगितला होता. ११० भरतकाम करणारे आणि ३,७२० तासांचे काम. वर्तमानपत्रांनी तो कौतुकाने छापला. का छापला? कारण तास सांगितले की किंमत पटते.

आता आपण आपले तास मोजू. मी माझ्या हिशेबाने मांडतो, तुम्ही तुमच्या वहीने तपासा. एकरभर कोरडवाहू कापसाला टोबणी, दोन खुरपण्या, डवरणीचे फेर, खत देणे, पाच फवारण्या आणि पाच क्विंटलची वेचणी धरली, तर चाळीस मजूर-दिवस लागतात. आठ तासांचा दिवस धरला तर ३२० तास. म्हणजे त्या एका लेहंग्याचे ३,७२० तास हे साडेअकरा एकर कापसाचे कष्ट झाले. त्या साडेअकरा एकरांत सत्तावन्न क्विंटल कापूस पिकेल. २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या हमीभावाने, ८,११० रुपयांनी, तो गेला तर चार लाख साठ हजार येतील. त्यातून बी, खत, औषध, नांगरट, मजुरी आणि वाहतूक वजा करा. पाऊस दगा देईल तो वेगळा. सहा हजार नऊशेनेच गेला, तर क्विंटलमागे बाराशे दहा रुपये आणखी कमी.

आपले हे तास कोणी पेपरात छापले आहेत का? छापणे सोडा, सरकारी हिशेबात ते कसे धरतात ते पाहा. हमीभाव काढताना जो खर्च दीडपट करतात, त्याला ए-दोन अधिक घरची मजुरी म्हणतात. त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांचे कष्ट येतात. स्वतःच्या जमिनीचा खंड येत नाही. बैल, अवजारे, विहीर यांत अडकलेल्या स्वतःच्या पैशाचे व्याज येत नाही. ते ज्यात येते त्या हिशेबाला सी-दोन म्हणतात, आणि दीडपट करायची वेळ आली की तो हिशेब बाजूला ठेवतात.

हॉर्निमन सर्कलच्या दुकानदाराला जाऊन सांगा बरे, की बाबा, तू किंमत लावताना जागेचे भाडे धरू नकोस, भांडवलाचे व्याज धरू नकोस, फक्त सुई-दोरा आणि मजुरी धर. तो तुम्हाला चहासुद्धा न पाजता बाहेर काढील. आणि ते बरोबरच आहे. जो धंदा जागेचे भाडे आणि भांडवलाचे व्याज भरून काढत नाही, तो धंदा बुडतो. आपला तसाच बुडतो आहे.

अठरा रुपयांसाठी

यावर शहाणे लोक म्हणतात, कापूस महाग झाला तर गरिबाचे कापड महाग होईल. चला, हाही हिशेब करू. मला शेतकी पदवीने दुसरे काही दिले नसेल, पण वजनमापे शिकवली आहेत.

एक सुती साडी साधारण अर्ध्या किलोची. दोन किलो कापूस पिंजला, तर ६८० ग्रॅमच्या आसपास रुई निघते, बाकी सरकी. कताई-विणाईत जाते ते जाऊन एक साडी त्यात होते. दोन किलो कापसाचे ८,११० च्या भावाने १६२ रुपये. त्यातही सरकीचे तेल आणि पेंड विकून जिनवाला आपले पैसे वेगळे काढतोच. उद्या कापूस बारा हजारांवर गेला, तरी साडीमागे वाढ होईल ७८ रुपयांची. साडी हजाराची असो की पाच हजारांची, वाढ तेवढीच. हजाराच्या साडीत १६२ सोडून बाकीचे सव्वाआठशे कोणाकोणाचे, हे कोणी विचारत नाही. आपले ७८ मात्र सगळ्यांच्या डोळ्यांत येतात.

आता कापसावरची ११ टक्के आयात जकात घ्या. २०२१ च्या अंदाजपत्रकात ती बसली. २०२१-२२ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर चढला, तेव्हा गिरणीवाल्यांनी ओरड केली. एप्रिल २०२२ मध्ये जकात उठवली आणि ऑक्टोबर अखेरपर्यंत उठवलेलीच ठेवली. पुन्हा १९ ऑगस्ट २०२५ ला, आपली पात्या-फुले धरायची वेळ असताना, ती उठवली. आधी सांगितले सप्टेंबर अखेरपर्यंत, मग वाढवली ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे नेमक्या आपल्या पहिल्या दोन वेचण्या बाजारात येईपर्यंत. कारण सांगितले, की अमेरिकेने आपल्या कापडावर जकात ५० टक्क्यांपर्यंत नेली, म्हणून गिरण्यांना दिलासा हवा. दिलासा द्या, जरूर द्या. पण तो तिजोरीतून द्या. शेतकऱ्याच्या पोत्यातून का देता?

आणि १६२ रुपयांवर ११ टक्के म्हणजे किती? साडीमागे जेमतेम अठरा रुपये. लाखाच्या लेहंग्याच्या अस्तरात दोन किलोंचा कापूस गेला, तर तिथेही अठराच. या अठरा रुपयांनी त्या दुकानाचे एकही गिऱ्हाईक हलणार नाही. पण हेच अठरा रुपये क्विंटलला नऊशे होतात, आणि क्विंटलला नऊशे म्हणजे आपल्या घरातले एक आजारपण.

दार उघडे, दार बंद

न्यूयॉर्कला दुकान काढायला त्या माणसाला कोणी अडवले नाही. अडवूही नये. पण आपल्या कापसाचे बघा. १९७२ पासून तीस-एक वर्षे या राज्यात एकाधिकार खरेदी होती. सरकारशिवाय कोणाला विकायचा नाही, सीमेपलीकडे न्यायचा नाही. स्वतःच्या कापसाची बंडी रात्री चोरासारखी हाकणारे लोक आजही आपल्या गावात जिवंत आहेत. ती बेडी तुटली, तर दिल्लीने दुसरी काढली. एप्रिल २०१० मध्ये कापसाची निर्यात थांबवली. ५ मार्च २०१२ ला पुन्हा बंदी घातली, आरडाओरड झाली तेव्हा आठवड्याने मागे घेतली. पण त्या आठवड्यात ज्याने भिऊन माल विकला, त्याला फरक कोणी दिला नाही.

कल्पना करा, लग्नसराई ऐन भरात असताना सरकारने हुकूम काढला, की लेहंगे महाग झाले आहेत, आजपासून परदेशी पाठवायचे नाहीत आणि बाहेरचे लेहंगे बिनजकात आणायचे. दुसऱ्या दिवशी ३९८ कोटी द्यायला कोण उभा राहिला असता?

भांडवल तिथे येते जिथे नियम रातोरात बदलत नाहीत. आपल्या शेतात ते कुठून येणार? कोरडवाहूला चोपन्न एकरांची कमाल मर्यादा. बिगरशेतकऱ्याला जमीन घेता येत नाही, भागीदार म्हणून येता येत नाही. मी जमिनी विका असे सांगत नाही, कोणी तसा अर्थ काढू नये. एवढेच सांगतो, की त्याच्या धंद्यात पैसा यायला मोठे दार आहे आणि आपल्या धंद्यात पैसा यायला एकच खिडकी आहे, ती पीककर्जाची. तीही जूनमध्ये निम्मी बंद असते.

रचनाकार दर हंगामाला नवा नमुना काढतो. आपल्याला बीटी २००२ मध्ये मिळाले, दुसरी पिढी २००६ मध्ये, आणि त्यानंतर नव्या गुणाच्या एकाही कापूस वाणाला मंजुरी नाही. गुलाबी बोंडअळीने ते दोन्ही पचवले. तणनाशक सोसणारे बी पेरले तर आपल्यावर गुन्हा. आणि त्याच प्रकारच्या बियाण्यावर अमेरिका, ब्राझील आणि ऑस्ट्रेलियात पिकलेला कापूस २०२५ मध्ये डिसेंबर अखेरपर्यंत बिनजकात आपल्या बंदरात उतरत होता. ज्याचे हात बांधले, त्यालाच सांगायचे की पळून दाखव!

जिथे आता दुकान आहे

हॉर्निमन सर्कलची ती जागा शेतकऱ्यांनी एकदा जाऊन बघावी. आज टाउन हॉलसमोर गोल बाग आहे, तिथे इंग्रजांच्या काळात 'बॉम्बे ग्रीन' नावाचे मोकळे मैदान होते. देशावरून आलेल्या कापसाच्या गाठी त्या मैदानात रचलेल्या असत. १८४४ च्या सुमारास तो बाजार कुलाब्याला हलवला, पुढे शिवडीकडे गेला. लोकलच्या 'कॉटन ग्रीन' स्टेशनाचे नाव त्याचीच आठवण आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर वाहिला. त्याच दशकात या मैदानाभोवती दगडी इमारतींचे कडे बांधायला घेतले. लढाई संपली, भाव कोसळला. मुंबईला इमारती उरल्या.

दीडशे वर्षांनी त्या वर्तुळातल्या दुकानात लेहंगे टांगलेले आहेत. हे दुकान विकत घेणाऱ्या बिर्ला घराण्याची सुरुवातही १८५७ साली पिलानीत कापसाच्या व्यापारानेच झाली. जो कापसापासून निघून पुढे गेला, तो मोठा झाला. जो कापसातच राहिला, तो कर्जात राहिला. यात कापसाचा दोष नाही. कापूस पिकवणाऱ्याला पुढची पायरी चढू दिली नाही, हा दोष आहे.

'तुम्हीही नाव कमवा'

आता दुसऱ्या प्रकारचे शहाणे येतात. ते म्हणतात, 'तुम्हीही ब्रँड करा, कंपनी काढा, गाठीवर गावाचे नाव घाला.' त्यांचे सगळेच खोटे नाही, म्हणून जरा खडे बोल आपल्यालाही ऐकवतो.

दव उतरायच्या आत वेचणी करतो कोण? आपणच. पहिल्या वेचणीच्या टपोऱ्या कापसात फरदडीची कवडी मिसळतो कोण? आपणच. खताच्या प्लास्टिकच्या पोत्यात कापूस भरतो आणि त्याचे धागे रुईत जातात, त्याने गिरणीत सूत तुटते. सब्यसाचीने पहिल्या तीन कारागिरांच्या हातून खराब टाका बाहेर जाऊ दिला असता, तर नाव झाले नसते. पण हेही खरे, की चांगला आणि वाईट कापूस एकाच भावाने घेणारा बाजार निवडून वेचायला शिकवत नाही. स्वच्छ मालाचे दोनशे रुपये जास्त मिळू द्या, आपल्या बाया वेचणीत तुम्हाला भरतकाम करून दाखवतील.

आणि नाव कमवायला पंचवीस वर्षे लागतात. तोवर जगायला हंगामाचा भाव लागतो. म्हणून आधी दावे सोडा, मग पळण्याची शर्यत लावा.

बैठकीसाठी ठराव

जिल्हा बैठकीत पुढील पाच ठराव मांडायचे आहेत. गावोगाव चर्चा करून या.

१. कापसाची आयात जकात आणि निर्यातीचे नियम पेरणीपूर्वी जाहीर करावेत आणि हंगाम संपेपर्यंत त्यांना हात लावू नये. कापड उद्योगाला मदत द्यायची तर तिजोरीतून द्यावी.

२. हमीभावाच्या हिशेबात जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याज धरावे.

३. खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीला उघडावीत. ओलावा शेतकऱ्यासमोर मोजावा आणि गाडी परत करायची तर आकडा लिहून द्यावा.

४. जगातल्या शेतकऱ्याला मिळते ते बियाणे तपासणी करून आपल्यालाही मिळावे.

५. हा ठराव आपला आपल्यासाठी. प्रत्येक गावात निदान दहा घरांनी या हंगामात पहिली वेचणी वेगळी, कोरडी आणि सुती कापडात ठेवावी, एकत्र पिंजून गाठी बांधाव्यात आणि त्या गाठींचा भाव आपण सांगावा.

त्या लग्नातल्या बापाला माझे उत्तर असे आहे. दादा, लेहंग्याचा भाव तो करणारा सांगतो, कारण त्याला सांगायची मुभा आहे आणि न पटल्यास माल परत कपाटात ठेवायची ताकद आहे. आपल्याला यातले दोन्ही मिळवायचे आहे. तुमच्या मुलीच्या अंगावर लाल लेहंगा शोभत होता. तो भाड्याचा होता, हेच तेवढे मला बोचले.

बैठकीला येताना हिशेबाची वही सोबत आणा. यंदा भाषणे कमी आणि बेरजा जास्त करायच्या आहेत.